टॅपेट वाजतायत? वाजू द्या थोडे

प्रश्न : माझी १०० सीसीची बाईक आहे, ५२ हजार किमी झालेत. टॅपेटची टिकटिक यायला लागली म्हणून गॅरेजला सेटिंग करून घेतलं, आवाज एकदम गायब, मी पण खूश. पण आता सकाळी एका किकमध्ये चालू होते आणि स्टँडपर्यंत गेलं की स्लोमध्ये बंद पडते, मग गार होईपर्यंत किका मारत बसायचं. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला. बदलू का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : थांबा, कार्बोरेटरला अजून हात लावू नका. आवाज गायब झाला म्हणताय ना, तिथंच मला शंका येतेय. गार असताना झटक्यात चालू आणि गरम झाल्यावर बंद, म्हणजे बहुतेक टॅपेट (इंजिनच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, दाबणाऱ्या रॉकर नावाच्या लिव्हरच्या टोकाचे स्क्रू) टाईट बसलेत. होतं काय, इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते, त्यासाठीच रॉकर आणि दांडीच्या टोकात केसाएवढी फट सोडलेली असते. ती फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर शून्य होते, मग व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, पूर्ण टेकतच नाही, कॉम्प्रेशन (पिस्टननं दाबलेली हवा) लीक होतं आणि किक हलकी लागते. किक हलकी झालीय का ते बघा, मला वाटतं झालीच असेल.

यात एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह आधी जातो. त्याची उष्णता बरीचशी सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते, टेकायलाच मिळालं नाही तर कडा जळते, मग हेड उघडा आणि नवा व्हॉल्व्ह टाका. सैल टॅपेट निदान ओरडून सांगतो तरी, टाईटवाला गपचूप खर्च काढतो. आणि मुख्य म्हणजे किमी वाढतील तसा गॅप वाढतच जातो असं नाही हां, व्हॉल्व्ह आणि सीट घासून व्हॉल्व्ह वर सरकतो, त्यामुळं गॅप कमी पण होतो, आवाज नाही म्हणून चेकच करायचा नाही असं करू नका.

सेटिंग घरी बघता येतं. गाडी रात्रभर उभी असलेली पाहिजे, इंजिन पूर्ण गार, चहा पिऊन येईपर्यंत गार झालं असलं हिशेब चालत नाहीत. प्लग काढा, डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरची दोन झाकणं आणि हेडवरची टॅपेटची दोन झाकणं काढा. मॅग्नेटच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन फिरतं त्याच दिशेनं हळूहळू फिरवा आणि मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन अगदी वर आल्याची) खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटानं हलवून बघा, दोन्हीत बारीक खटखट लागली म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनला वर आहे. एखादा घट्ट लागला तर अजून एक पूर्ण फेरा द्या. बरेच जण इथंच चुकतात, टी आला की घाईनं पाना लावतात आणि दाबलेल्या व्हॉल्व्हवर सेटिंग करून बसतात.

गॅप किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, इनलेट आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. त्या मापाची फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) पट्टी आत घाला, सरकताना जराशी ओढ लागली पाहिजे, अडकायला नको आणि लोंबकळायला पण नको. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर परत पट्टी घालून बघा, मी तर तीन तीनदा बघतो, बायको हसते.

अजून एक, ५२ हजार झालेत म्हणजे रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असू शकतो. सपाट पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी बसते, माप बरोबर दाखवते आणि आवाज काही जात नाही. अशा वेळी स्क्रू पिळून आवाज मारायचा नाही, रॉकर बदलायचा.

प्रश्न : आमच्याकडचे मिस्त्री फिलर गेज वापरतच नाहीत, दाढीचं ब्लेड घालतात. चालतं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दाढीचं साधं दुधारी ब्लेड साधारण ०.१० मिमी जाड असतं. तुमच्या गाडीचं माप ०.१० असेल तर मिस्त्री बरोबर, ०.०८ किंवा ०.०५ असेल तर सैल राहणार. सैलच राहतंय म्हणून इंजिन वाचतंय म्हणा! पण फिलर गेज काही महाग नसतं हो, एक आणून मिस्त्रींनाच भेट द्या.

प्रश्न : वडिलांची जुनी लोखंडी इंजिनची बुलेट ३५० आहे. टॅपेटला किती नंबरची पट्टी लावू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कुठलीच नाही! त्या इंजिनला गार असताना गॅप शून्य ठेवतात. प्लग काढून, वरचा गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवा, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा, हवा अंगठा ढकलायला लागली की पिस्टन अगदी वर आणा. उजव्या बाजूला बॅरलच्या खाली टॅपेटचं झाकण आहे ते उघडलं की दोन पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणाऱ्या दांड्या) दिसतील. दोन बोटांच्या चिमटीत पुशरॉड धरून फिरवा, सहज गरगरला पाहिजे पण वरखाली अजिबात हलता कामा नये. फिरतच नसेल तर टाईट, वरखाली होत असेल तर सैल. सेटिंगला तीन पातळ पाने लागतात, एकानं खालचा टॅपेट धरायचा, दुसऱ्यानं लॉकनट, तिसऱ्यानं ॲडजस्टर. जाड पाना किंवा पक्कड घातलीत तर कडा गोल होतात आणि मग पुढच्या वेळी पानाच बसत नाही, वडिलांना विचारा, त्यांच्या गाडीच्या कडा बहुतेक आधीच गोल झालेल्या असतील.

आणि तुमच्या मित्राची युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात असलेल्या) इंजिनवाली बुलेट असेल तर तिच्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑइलच्या प्रेशरवर आपोआप सेट होतात. तिच्या बिलात कुणी टॅपेट सेटिंगचे पैसे लावले तर आधी ते खोडायला लावा.