टाके घातल्यावरही ग्लू का लागतो?

वडिलांची बायपास आहे. सर्जन म्हणाले, ‘गरज पडली तर ग्लू वापरू.’ टाक्यांवर भरवसा नाही का? (पंचवटी)

मदार टाक्यांवरच असते. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. हार्ट-लंग मशीन वापरलं, तर रक्तही पातळ होतं आणि प्लेटलेट दमतात. शेवटी प्रोटामीन देऊन हेपॅरिनचा असर उतरवतात, तरी सुईच्या बारीक भोकांतून रक्त झिरपत राहू शकतं. तिथं फायब्रिन सीलंट, म्हणजे गळती बंद करणारा ग्लू, कामी येतो. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही त्यातली दोन द्रव्यं वेगळी ठेवलेली असतात. जखमेवर ती एकत्र आली की काही सेकंदांत गुठळी धरते. शरीर स्वतः करतं तेच, फक्त लवकर. रक्ताची धार उडत असेल, तर मात्र तिथं टाकाच हवा.

ग्लू गाईपासून बनतो, हे खरं का? आई कट्टर शाकाहारी आहे. (देवळाली कॅम्प)

एका प्रकाराबाबत खरं आहे. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या एका ग्लूमध्ये गोवंशीय अल्ब्युमिन आणि ग्लुटरॲल्डिहाइड असतं. तो घट्ट बसतो, पण कडकही होतो. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांत धमनीभोवती त्याचं कडं करत नाहीत, आणि मज्जातंतूंजवळ (नर्व्ह) तो जपून वापरावा लागतो. फायब्रिन सीलंट साधारणपणे मानवी प्लाझ्मापासून बनतं. विषाणू निष्क्रिय करूनच ते वापरात येतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं सीलंट पूर्ण कृत्रिम असतं. आईंची अडचण सर्जनना आधीच मोकळेपणानं सांगा, पर्याय बघता येतात. प्राणिज प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर सांगायलाच हवं.

हा खर्च टाळता येईल का? (सातपूर)

प्रत्येकाला ग्लू लागतोच असं नाही. पण गरज टेबलावरच कळते, म्हणून पॅकेजमध्ये तो धरला आहे का, हे आधी विचारून ठेवा.

माझी बायपास पुढच्या आठवड्यात आहे. स्टेंटसाठी क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे. बंद करू का? (सिन्नर)

स्वतःहून मुळीच नाही, स्टेंट बंद पडू शकतो. पण फोन आजच करा. तातडीची शस्त्रक्रिया नसेल, तर क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. गुडघेदुखीच्या गोळ्या, काढे, फिश ऑइल, सगळ्याची यादी द्या. रक्तस्राव कमी राखण्यात या यादीचा वाटा कोणत्याही ग्लूपेक्षा मोठा आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.