वाचक विचारतात : बातमीचे चित्रीकरण आणि ऐकू न येणारे बोलणे

प्रश्न : आम्ही तिघे मित्र स्थानिक बातम्यांचे एक छोटे संकेतस्थळ चालवतो. गेल्या पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्यावर भिडे पूल पाण्याखाली गेला, तेव्हा मी मोबाइलवर बरेच चित्रीकरण केले आणि तिथे जमलेल्या तीन-चार जणांशी बोललोही. घरी येऊन पाहतो तर चित्रे हललेली आणि बोलणाऱ्यांचे शब्द वाहनांच्या आवाजात हरवलेले. मित्रांच्या मते ६०-७० हजारांचा कॅमेरा घेतल्यावाचून गत्यंतर नाही. आपले मत काय?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : कॅमेरा घेऊ नये, निदान आत्ता तरी. पुराच्या बातमीत थोडे हललेले चित्र प्रेक्षक चालवून घेतो, कारण प्रसंगच धावपळीचा असतो; परंतु न कळणारी बाइट (बातमीतले एखाद्याचे छोटे बोलणे) ऐकत बसण्याइतका संयम कोणाजवळही नसतो. आपला फोन बोलणाऱ्यापासून दीड-दोन हातांवर असणार, आणि मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, मात्र भोवतालच्या वाहनांचा गोंगाट तेवढाच राहतो. महागड्या कॅमेऱ्याचा अंगचा माइकही तितक्याच दुरून ऐकणार असल्याने त्याचीही तीच गत होईल.

म्हणून पहिला खर्च कॉलर माइकवर करावा. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा आणि वाऱ्यासाठी त्याच्यावर केसाळ टोपी चढवावी. माइक हाताशी नसेल, तर दुसऱ्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून तो बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात, माइकची बाजू वर ठेवून, सरकवावा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे संकलनाच्या वेळी चित्र व आवाज जुळवणे सोपे जाते. याहून स्वस्त उपाय म्हणजे माणसाला चार पावले चालवणे: नदीकाठचा रस्ता सोडून नारायण पेठेतल्या एखाद्या बोळात शिरले की मधल्या भिंतीच निम्मे काम करतात. प्रत्यक्ष मुलाखतीपूर्वी १० सेकंदांची चाचणी घेऊन ती इअरफोनवर ऐकावी. नाव आणि व्यवसाय विचारण्यात तेवढा वेळ जातोच. नदीचा आवाज मात्र टाकून देऊ नये. तो ३० सेकंद स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून बाइटखाली मंद ठेवला की प्रेक्षकाला घटनास्थळी असल्यासारखे वाटते.

आता चित्राविषयी. नवशिक्याचा फोन सतत काहीतरी शोधत फिरत असतो. पुलावरून पाण्याकडे, पाण्यावरून गर्दीकडे, आणि संकलनाला बसल्यावर हाती सलग ५ सेकंदही लागत नाहीत. फ्रेम ठरवावी, कोपरे बरगड्यांना टेकवावीत किंवा कठड्याचा आधार घ्यावा आणि मनात १० आकडे मोजेपर्यंत काहीही हलवू नये. जवळच्या झेड पुलावरून एक लांबचे दृश्य, अडथळ्यापाशी परत फिरणारे दुचाकीस्वार, त्यांना हात करणारा पोलीस, कठड्याला अडकलेली जलपर्णी: एवढ्यावरही दीड मिनिटाची बातमी उभी राहते. (ट्रायपॉड पुलावर लावल्यास वाहन जाताना बसणारा हादरा चित्रात उतरतो, हे ध्यानात ठेवावे.) पाणी वाढल्याचे दाखवायचे असेल, तर घाटाची एखादी पायरी खूण म्हणून निवडून त्याच जागेवरून त्याच फ्रेममध्ये सकाळी आणि दुपारी शॉट घ्यावा, ‘पाणी झपाट्याने वाढले’ हे निवेदन मग लिहावेच लागत नाही. पावसाळी पांढऱ्या आभाळासमोर माणूस उभा केल्यास चेहरा काळा पडतो. त्याची बाजू बदलावी, नाहीतर पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस व एक्सपोजर (उजेडाची पातळी) तिथेच पक्के करावे.

उभे की आडवे, हे घरून निघतानाच ठरवावे. उभ्या चित्रात खालच्या व उजव्या कडेवर ॲपची बटणे येतात, म्हणून बोलण्याचे मराठी मथळे (सबटायटल) थोडे वर घ्यावेत. ते द्यावेतच, कारण बसमध्ये आवाज बंद ठेवून बातमी पाहणारे अनेक असतात.

प्रश्न : मंडईत संध्याकाळी गाळ्यांवरच्या दिव्यांखाली चित्रीकरण केले, तर पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. फोन बिघडला आहे का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : फोन ठीक आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या फोनचा त्यांच्याशी मेळ बसला नाही की असे पट्टे उमटतात. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर (एका चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवावे. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये २५ चित्रांसाठी ‘पाल’ (PAL) फॉरमॅट सुरू करावे लागते, तर अँड्रॉइडवर बहुधा प्रो मोडमध्ये जावे लागते. स्लो मोशनला हा उपाय लागू पडत नाही. भाजीवर पाणी शिंपडण्याचे ते हमखास दृश्य हवेच असेल, तर सकाळी उन्हात बसणाऱ्या विक्रेत्यांकडे जावे.