नदीकाठच्या उपद्रवी तणांच्या नियंत्रणाचा स्थानिक कार्यक्रम माझ्याकडे आला आहे. सुरुवात सर्वांत दाट पट्ट्यापासून करावी का?

आपण लिहिले आहे की, ओढे आणि नदीचा काठ परदेशी तणांपासून मोकळा करण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, माणसे थोडी आहेत, निधी एका वर्षापुरता आहे आणि जेथे तण सर्वांत दाट आहे तेथूनच आरंभ करावा असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. असा कार्यक्रम मी काही वर्षे चालवला आहे, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की दाट पट्ट्यापासून आरंभ करू नये. प्रवाहाच्या वरच्या अंगाला जेथे तणाचे पहिले रोप सापडते तेथून कामाला लागावे, आणि हाताशी असलेल्या मनुष्यबळाचा निदान निम्मा भाग त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्यासाठी राखून ठेवावा.

पहिल्या वर्षी आम्ही नेमके उलट केले होते. पुलाजवळचा पट्टा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांत भरत होता, म्हणून सगळी शक्ती तेथे लावली. पाणी मोकळे झाले, लोकांना समाधान वाटले आणि पुढच्या पुराने वरच्या डोहांमधील रोपे व कांड्यांचे तुकडे आणून तोच पट्टा पुन्हा भरून टाकला. शेतातील तण जेथल्या तेथे वाढते, पण पाण्याकाठच्या तणाला वाहन आयते मिळालेले असते, आणि ते वाहन सदैव खालच्या दिशेने जात असते. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की कामाचा क्रम आपोआप ठरतो.

म्हणून पहिले काही आठवडे काहीही न उपटता केवळ चालावे. मुख्य प्रवाहाचे दोन्ही काठ, त्याला मिळणारे ओढे आणि नाले, जवळची तळी, बागांमधील हौद आणि सांडपाणी मिळते ती तोंडे स्वतः पायाखाली घालावीत. बरीच जलतणे शोभेची झाडे म्हणून किंवा मत्स्यटाकीतून आलेली असतात, त्यामुळे वरच्या अंगाला कोणाच्या तरी हौदात मूळ साठा सुरक्षित राहिला तर खाली केलेले सर्व श्रम वाया जातात. तण फुलावर असताना पाहणी केल्यास चुकण्याचा संभव कमी असतो. प्रत्येक जागेची नकाशावर खूण, व्यापलेल्या क्षेत्राचा अंदाज, तारीख आणि ठरावीक ठिकाणी उभे राहून काढलेले छायाचित्र एवढी नोंद पुरेशी होते. मात्र ती दर वेळी त्याच ठिकाणाहून झाली पाहिजे. मासेमार आणि काठावर जनावरे चारणारी माणसे यांना आवर्जून विचारावे, कारण कोणते तण कोणत्या वर्षी प्रथम दिसले हे त्यांना बहुधा अचूक सांगता येते.

तणाची ओळख तज्ज्ञाकडून निश्चित करून घेण्यात कसूर करू नये. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याच्या बाबतीत दीर्घकाळ ओळखच चुकली होती; तो दुसऱ्याच जातीचा समजून, त्याला खाऊन आटोक्यात आणतील म्हणून त्या जातीवरचे कीटक आणले गेले आणि ते निष्प्रभ ठरले. पुढे तो वेगळी जात आहे हे 1972 मध्ये मांडले गेले, त्याचे मूळ स्थान आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले, आणि तेथील लहानसा सोंडकिडा 1980 साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधील मूनडारा सरोवरात सोडल्यावर साधारण वर्षभरात तेथील बहुतेक साल्व्हिनिया नष्ट झाला. आपण स्वतः कीटक सोडणार नसलात तरी यातील धडा आपल्याला लागू आहे, कारण जात नक्की कळली तरच तण कसे पसरते ते कळते, आणि त्यावरच ते कसे काढावे हे ठरते.

हिमालयीन बाल्सम ही आपल्या तेरड्याचीच नातलग वनस्पती पाहावी. 1839 मध्ये ती बागेसाठी ब्रिटनमध्ये नेली गेली आणि आज युरोपभर नदीकाठांवर माजली आहे. ती वर्षायू आहे, मुळे उथळ आहेत, म्हणून हाताने सहज उपटता येते. तिच्या शेंगा फुटून बी सात मीटरपर्यंत उडते, पण ते जमिनीत साधारण दोन वर्षांपलीकडे टिकत नाही. अर्थात फुलण्यापूर्वी, उगमापासून, सलग दोन-तीन हंगाम एकही रोप न सोडता काम केले तर ती हटवता येते. याउलट जलपर्णीचे बी गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते आणि अनुकूल उष्ण, पोषक पाण्यात तिचा विस्तार सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तेथे समूळ उच्चाटनाचे आश्वासन कोणालाही देऊ नये, ताबा ठेवण्याचेच द्यावे. अ‍ॅलिगेटर वीड आणि जपानी नॉटवीड या तुकड्यांपासून वाढणाऱ्या तणांचा प्रकार आणखी निराळा आहे. पहिल्याच्या कांडीवरील एक पेर आणि दुसऱ्याच्या भूमिगत खोडाचा एक ग्रॅमहूनही लहान तुकडा नवे झाड उभे करण्यास पुरेसा असतो, म्हणून तेथे कापणीयंत्र चालवणे म्हणजे स्वतःच्या हाताने लावणी करणे होय. आमच्याकडून एका ओढ्यात हे घडले, आणि त्या दोन दिवसांच्या यंत्रकामाची दुरुस्ती करण्यात पुढचे दोन हंगाम गेले. अशा तणांसाठी खालच्या अंगाला जाळी लावून, मुळांसह हळूहळू खणून, प्रत्येक तुकडा पिशवीत भरणे हाच मार्ग मला विश्वासार्ह वाटतो. जायंट हॉगवीड हे चीक असलेले उंच तण असेल तर स्वयंसेवकांना उघड्या हातांनी जवळही जाऊ देऊ नये. त्याचा चीक अंगाला लागून ऊन पडले की त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात.

जलपर्णीच्या कामात खरी अडचण उपटण्याची नसून ती वाहून नेण्याची असते. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि दाट थराचे वजन हेक्टरी शेकडो टन भरते, त्यामुळे ओला माल लांब नेणे म्हणजे पाणी वाहून नेणे. तो पूररेषेच्या वर काठावर पसरून वाळू द्यावा आणि मगच हलवावा. पूररेषेच्या खाली टाकलेला ढीग पुढच्या पुरात परत पाण्यात येतो. जलपर्णी पाण्यातील जड धातू शोषून घेते, म्हणून कारखान्यांच्या सांडपाण्याचा संशय असेल तेथे तपासणी केल्याशिवाय तिचे खत शेताला देऊ नये. मोकळे केलेले पाणी तरंगत्या अडसराने वेगळे केल्यास वारा आणि प्रवाह यांनी येणारी रोपे एका जागी अडतात आणि थोडी माणसे आठवड्यातून एकदा ती काढू शकतात.

तणनाशकाबद्दल माझे मत सावध आहे. जलपर्यावरणात वापरण्यास मान्यता असलेलेच रसायन, संबंधित खात्याची लेखी परवानगी आणि प्रशिक्षित माणूस या तिन्ही गोष्टी नसतील तर तो मार्ग धरूच नये. त्यातच, दाट थर एकदम मारला की तो कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषला जातो आणि मासे मरतात. म्हणून एका वेळी पाण्याचा एखादाच भाग घ्यावा आणि दोन फेऱ्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे.

जैविक नियंत्रण, म्हणजे तण खाणारे कीटक सोडून ते आटोक्यात आणणे, हे स्थानिक गटाने स्वतःच्या जबाबदारीवर करण्याचे काम नव्हे. कीटकांची निवड आणि चाचणी संशोधन संस्थांनीच केली पाहिजे. व्हिक्टोरिया सरोवरात युगांडाने 1995 मध्ये आणि केनियाने 1997 मध्ये जलपर्णीवरचे सोंडकिडे सोडले, काही वर्षांत तण मोठ्या प्रमाणात ओसरले, पण पुढे ते अधूनमधून पुन्हा वाढलेच, कारण शेतातून आणि वस्त्यांतून येणारे नत्र व स्फुरद थांबले नव्हते. माझ्या मते प्रत्येक कार्यक्रमप्रमुखाने हे उदाहरण सांडपाण्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर वारंवार मांडले पाहिजे. पाण्यात खत येत राहील तोवर आपण रोप काढतो आणि त्याच वेळी त्याचे पोषणही होत राहते.

तण काढल्यावर उघडा पडलेला काठ हा निम्म्याहून अधिक कामाचा विषय आहे, आणि नेमके तेथेच बहुतेक गट थांबतात. ऊन लागताच जमिनीतील तणाचे बी उगवते, आणि तणाची मुळे निघाल्याने सैल झालेली माती पहिल्या पुरात खचते. सिडनीमधील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960 च्या दशकात स्थानिक रानात जी पद्धत घडवली ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते: कमी बाधित जागेकडून अधिक बाधित जागेकडे सरकावे, माती शक्य तितकी कमी हलवावी, आणि स्थानिक वनस्पती जितक्या वेगाने परत येतात तितक्याच वेगाने साफसफाई करावी. हा वेग कधीकधी संपूर्ण वर्षात थोड्याशाच लांबीपुरता असतो आणि तो पाहुण्यांना दाखवण्याजोगा नसतो, पण तेथील काठ टिकतो. जेथे स्थानिक बीज उरलेलेच नाही तेथे त्याच नदीच्या काठावरून बी गोळा करून लव्हाळ्यासारखी माती धरणारी गवते आणि झुडुपे आधी लावावीत, मोठी झाडे नंतर.

स्वयंसेवकांबाबत एकच आग्रह धरतो: प्रत्येक फेरीनंतर बूट, जाळी, नाव आणि अवजारे तपासून, धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यावर नेऊ नयेत. तण काढणारा गटच ते पसरवतो असे घडणे अशक्य नाही. काठालगतच्या जमीनमालकांची संमती लेखी घ्यावी आणि तीत पुढील तीन वर्षांच्या फेऱ्यांचा उल्लेख असावा, कारण एका मालकाने दार बंद केले तर मधला तुकडा खालच्या सर्वांना बी पुरवत राहतो.

निधीच्या प्रश्नावर, दक्षिण आफ्रिकेत 1995 मध्ये सुरू झालेला 'वर्किंग फॉर वॉटर' हा सरकारी कार्यक्रम अवश्य अभ्यासावा. पाणी पिणारी परदेशी झाडे काढण्याला त्यांनी रोजगाराशी जोडले, त्यामुळे पैसा आणि माणसे उभी राहिली. आणि जेथे पाठपुराव्याच्या फेऱ्या राहून गेल्या तेथे झाडे परत आली. आपला निधी एकाच वर्षाचा असेल तर देणाऱ्यांना आत्ताच सांगावे की या पैशात लांब पट्टा एकदा साफ होईल किंवा वरच्या अंगाचा छोटा पट्टा तीन वर्षे राखता येईल, आणि आपण दुसरा पर्याय निवडत आहात. अहवालात किती टन काढले हा आकडा पहिल्या ओळीत घालू नये. किती लांबीच्या काठावर सलग दोन फेऱ्यांमध्ये नवे रोप आढळले नाही, हा आकडा तेथे असावा. आणि पहिल्या फेरीची तारीख ठरवाल त्याच बैठकीत दुसऱ्या फेरीची तारीखही वहीत लिहून घ्यावी.