कंपनीचा मेडिक्लेम आणि मोठ्या वयात दातांना तारा

प्रश्न: वय ३१, नाशिकमधल्या सातपूरच्या कंपनीत नोकरी. ग्रुप मेडिक्लेम पाच लाखांचा आहे. एचआर म्हणतं, ‘डेंटल आहे.’ डॉक्टरांनी तारांचे ६५ हजार सांगितलेत. किती मिळतील?

उत्तर: त्या पाच लाखांतून बहुधा एक रुपयाही नाही. आपल्याकडच्या ग्रुप पॉलिसीत ‘डेंटल’ बहुतेक वेळा अपघातापुरतंच असतं. गाडीवरून पडलात, दात-जबडा मोडला, दाखल व्हावं लागलं, तर खर्च मिळतो. वाकडे दात सरळ करायचं काम ओपीडीत, म्हणजे दाखल न होता होतं आणि विमा कंपन्या ते सरळ ‘कॉस्मेटिक’मध्ये ढकलतात.

पैसे निघालेच तर ओपीडी कव्हरमधून. काही कंपन्या ते मूळ पॉलिसीला जोडून देतात, काही फ्लेक्सी बेनिफिटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतः निवडायच्या सवलतींत, निवडू देतात. तिथेही दातांची सब-लिमिट (आतली छोटी मर्यादा) वेगळी असते आणि पुष्कळदा सफाई, फिलिंग, रूट कॅनाल चालतं, ऑर्थो (ऑर्थोडॉन्टिक, म्हणजे तारांचे उपचार) नाही. म्हणून ‘डेंटल आहे का?’ असं विचारूच नका. त्याला ‘हो’ म्हणणं सगळ्यांनाच सोपं जातं. मेल असा टाका: ‘पॉलिसी वर्डिंग आणि एंडोर्समेंटची प्रत द्या. ओपीडीत प्रौढांचे ऑर्थोडॉन्टिक उपचार धरलेत का? वर्षाची मर्यादा किती? कॅशलेस की रीइम्बर्समेंट?’ (एंडोर्समेंट म्हणजे पॉलिसीला नंतर जोडलेले बदल.) लेखी उत्तर हातात येईपर्यंत तार बसवू नका.

उत्तर ‘हो’ आलं, तर पावत्यांकडे लक्ष द्या. उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतात, डॉक्टर पैसेही हप्त्यांनी घेतात आणि ओपीडीची मर्यादा सहसा दर पॉलिसी वर्षाला नव्याने मिळते. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी भरलीत तर एकाच वर्षाची मर्यादा वापरली जाईल. हप्ता भराल तशी त्या-त्या तारखेची पावती घ्या. एक्स-रे, फिलिंग, हिरड्यांची सफाई यांची बिलं वेगळी मागा. मोठ्या माणसाच्या तोंडात तारेआधी अशी बरीच कामं निघतात आणि ऑर्थो नाकारलं तरी ही मंजूर होऊ शकतात.

प्रश्न: डॉक्टर म्हणतात, बिल रूट कॅनालचं करून देतो. चालेल?

उत्तर: नाही. तो खोटा क्लेम झाला. विमा कंपनीने एक्स-रे मागितला की उघडा पडतो आणि नोकरीवर बेततं ते तुमच्या, डॉक्टरांच्या नाही. असं सुचवणाऱ्यासमोर दोन वर्षं तोंड उघडून बसायचं का, तेही ठरवा.

प्रश्न: बायकोचा खालचा जबडा पुढे आहे. आधी तारा, मग शस्त्रक्रिया असं सांगितलंय. माझ्या अंबडच्या कंपनीच्या पॉलिसीत तीही आहे.

उत्तर: इथे भांडायला जागा आहे. तारांचा खर्च खिशातूनच जाईल असं धरा. शस्त्रक्रियेसाठी मात्र दाखल व्हावं लागतं. विमा कंपनी बहुधा ‘एक्सक्लूजन ०८’ पुढे करेल, म्हणजे कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचं कलम. त्यात अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना आणि प्रकृतीला थेट, तातडीचा धोका दूर करणारे आवश्यक उपचार यांना सूट आहे, म्हणजे त्यांना हे कलम लागू होत नाही. ‘थेट, तातडीचा’ हे शब्द कडक आहेत, म्हणून कागद भक्कम हवेत. घास चावता येत नाही, उच्चार अडतो, झोपेत श्वास अडतो, यांपैकी जे खरं असेल ते सर्जनच्या पत्रात यावं, सोबत सेफॅलोग्राम (डोक्या-जबड्याचा बाजूने काढलेला एक्स-रे). पत्रात ‘चेहरा सुधारण्यासाठी’ एवढंच असेल तर क्लेम तिथेच संपला. पूर्वमंजुरी आधी मागा.

नकार आला तर विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी लागत नाही.

प्रश्न: अमेरिकेतल्या दिरांना कंपनीच्या विम्यातून तारांचे पैसे मिळाले. आपल्याकडे का नाही?

उत्तर: तिथे दातांचा विमा मेडिकलपासून वेगळा घेतात. ऑर्थोला आयुष्यभराची एकच मर्यादा असते आणि बऱ्याच योजनांत ते फक्त मुलांना मिळतं. दिरांचं नशीब.

प्रश्न: तारा लागल्यात आणि नोकरी बदलतोय.

उत्तर: जुनं कव्हर सहसा शेवटच्या दिवशीच संपतं. तोवरची बिलं आधीच सादर करा, नव्या एचआरला वरचाच मेल टाका. डॉक्टर मात्र बदलू नका, अर्धवट केस घ्यायला दुसरे नाखूश असतात. अजून तारा न लावलेल्यांनी पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात चौकशी करावी. अशा कॉलेजात वेळ जास्त मोडतो, खर्च खासगीपेक्षा कमी येतो.