२१४७४८३६४७ मूळ आहे हे १७७२ मध्ये कसं कळलं?

प्रश्न : गेममध्ये स्कोअर २१४७४८३६४७ वर अडकतो हे माहीत होतं. आता वाचलं की ही मूळ संख्या पण आहे आणि गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्येच ते सिद्ध केलेलं. कॉम्प्युटर नसताना एवढे भागाकार केले कसे? की ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि ३१ मूळ आहे म्हणून ही पण आपोआप मूळ?

उत्तर : आपोआप काही नाही हो. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतात २३ गुणिले ८९. उलट बाजू मात्र पक्की, घातांकच मूळ नसेल तर खेळ संपला. ६४ बिटची मर्यादा बघा (कॉम्प्युटरला ६४ बिटमध्ये, एक बिट चिन्हासाठी सोडून, साठवता येणारी सगळ्यात मोठी संख्या), २ चा ६३ वा घात वजा १, तिला चक्क ७ ने भाग जातो. म्हणजे तुमच्या गेममधली ३२ बिटवाली मर्यादा मूळ निघाली हा निव्वळ योगायोग.

आता भागाकार. विभाजक असलाच तर एक तरी वर्गमूळाच्या आत सापडतो. वर्गमूळ ४६३४० च्या जरासं वर, तिथपर्यंत मूळ संख्या साडेचार हजारांहून जास्त, सगळ्यांनी भागत बसलं तर माणूस वेडा होईल. पण समजा क या मूळ संख्येने भाग गेला, तर २ च्या ३१ व्या घाताला क ने भागून बाकी १ उरते, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयामुळे २ च्या (क वजा १) व्या घातालाही क ने भागून बाकी १ च, आणि ३१ मूळ असल्यामुळे हे दोन्ही जमायचं तर क वजा १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क विषम, म्हणून ६२ नेच. (वरचे २३ आणि ८९ बघा, दोन्हीतून १ काढा, २२ ने भाग जातो की नाही?)

अजून एक चाळणी आहे आणि मला तीच जास्त आवडते. २ च्या ३२ व्या घाताला क ने भागून बाकी २ येणार, आणि तो घात तर २ च्या १६ व्या घाताचा वर्ग, म्हणजे क च्या हिशोबात २ हा कुणाचा तरी वर्ग झाला. असं फक्त ८ ने भागून १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांनाच जमतं.

दोन्ही अटी लावल्या की फक्त ३७३ उमेदवार उरतात, त्यातल्या मूळ संख्या तर शंभराच्या आत. पहिली ३११, बाकी येते ३५. पुढच्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. हे काम हाताने होण्यासारखं आहे, कंटाळवाणं असलं तरी.

पुढची कित्येक दशकं हीच माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही ४ कोटी १० लाखांवर अंकांची आहे, तिथे भागाकाराने सिद्ध करणं अशक्यच, त्यासाठी लुकास-लेहमर चाचणी लागते (२ चा घात वजा १ अशी संख्या मूळ आहे का, हे विभाजक न शोधता ठरवणारी). पण असे उमेदवार चाचणीला पाठवायच्या आधी छोटे विभाजक शोधून गाळतात ना, तेव्हा याच दोन अटी वापरतात.