तृतीयपुरुषी फॅनफिक्शनमध्ये (दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथेत) ज्याच्या नजरेतून कथा चालते, त्या पात्राला निवेदनात काय म्हणावं?

ते पात्र मनातल्या मनात स्वतःला ज्या नावाने ओळखतं तेच नाव वापरा, आणि इतरांनाही ते पात्र मनात जे म्हणतं तेच म्हणा. असं निवेदन त्याच्या डोक्यातून चालतं, म्हणून. 'हॅरी पॉटर'मध्ये शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर हॅरीला 'प्रोफेसर स्नेप' म्हण असं बजावतात, पण निवेदनात मात्र नुसतं 'स्नेप' येतं, कारण हॅरीच्या मनात तेच आहे. 'सोनेरी केसांचा तरुण', 'उंच जादूगार' असली बिरुदं तर टाळाच. स्वतःबद्दल असा विचार कुणी करत नाही, त्यामुळे वाचक एकदम पात्राच्या मनातून बाहेर पडतो. नाव फार वेळा येतंय ही धास्ती लेखकालाच जास्त असते; नाव आणि 'तो' किंवा 'ती' वाचणाऱ्याला सहसा खुपत नाही. मराठीत क्रियापदही सांभाळावं लागतं: पात्र वयाने, मानाने कितीही मोठं असो, त्याच्या स्वतःच्या नजरेतून लिहिताना 'तो उठला' असंच लिहा, 'ते उठले' आलं की दुसरंच कुणीतरी बघतंय असं वाटतं. हे सगळं पात्राला चिकटून चालणाऱ्या निवेदनासाठी. निवेदक दुरून बघत असेल तर औपचारिक नाव शोभतं: त्याच मालिकेतल्या १९९७च्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात 'मिस्टर डर्स्ली' आहेत, आणि कथा हॅरीकडे आली की तेच 'अंकल व्हर्नन' होतात.