दहा मिलिमीटर म्हणजे तीन टँकर

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मोटरसायकलच्या डर्ट ट्रॅकच्या रेसला यंदा क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे रेस चालवणारा मुख्य अधिकारी, म्हणून तुझं नाव लागलं, हे कळलं. तारीख मे महिन्यातली आहे, म्हणजे वळीव गाठणार हे गृहीतच धर. झेंडे, स्क्रुटिनी (गाड्यांची तपासणी), स्टार्ट हे सगळं तू मार्शल म्हणून पाहिलेलं आहेस, त्यावर लिहीत नाही. पण रेस घ्यायची की रद्द करायची, हे मार्शलला कधी ठरवावं लागत नाही. तुला लागेल, आणि त्या वेळी आजूबाजूला वीस जण सल्ला द्यायला उभे असतील.

आधी पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, ३०० मीटरचा आणि सरासरी १० मीटर रुंद धरला, तर ३,००० चौरस मीटर झाले. वळवाची एक सर अर्ध्या तासात १० मिलिमीटर सहज टाकून जाते. म्हणजे ३०,००० लिटर. धूळ बसवायला आपण १०,००० लिटरचा टँकर मागवतो आणि तोही बेताबेताने मारतो. इथे तीन टँकर एकदम ओतले गेले. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस ‘हलका’ असतो. तो शब्द वाचून निर्धास्त राहू नकोस, हलक्या पावसानेही तुझा ट्रॅक बुडू शकतो.

आणि तो पाऊस तुझ्या ट्रॅकवर किती पडला, हे तुलाच मोजायचं आहे. शिवाजीनगरला कोरडं आणि लोहगावला धो धो, हे पुण्यात नवीन नाही. मुळशीकडचा ट्रॅक आणि वाघोलीकडचा ट्रॅक यांचं आभाळही वेगळं. साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक आण, पॅडॉकच्या (रायडर आणि गाड्या थांबतात त्या जागेच्या) मोकळ्या भागात खांबाला लाव, मंडपाच्या पागोळ्या त्यात पडणार नाहीत असं बघ. नाही मिळाला तर सरळ उभ्या कडांचा डबा आणि शाळेतली पट्टी चालते. हवामान खात्याच्या सिमला ऑफिसचा अंदाज (१९२८ मध्ये ते कार्यालय सिमल्याहून इकडे आलं, म्हणून बसस्टॉपलाही तेच नाव) आदल्या दिवशी बघायचाच. रेसच्या दिवशी तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि विजेसाठी दामिनी ॲप. ते आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेनेच केलेलं आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. रेस थांबव, टॉवरवरचा मार्शल खाली घे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणाला ट्रॅकवर सोडू नकोस. यात चर्चा नाही. बाकी सगळ्यात आहे.

आता माती. इंग्लंडमध्ये स्पीडवेचे (मातीच्या ओव्हलवरच्या मोटरसायकल रेसचे) ट्रॅक कोळशाच्या खाणीतल्या भाजलेल्या लाल शेलचे बनवत. आपल्याकडे मुरूम आहे. बसाल्ट कुजून झालेला चांगला मुरूम पाणी खाली जाऊ देतो, दाबला की बसतो. गडबड होते ती मुरमात काळी माती मिसळून आली की. काळी माती पाणी पिऊन फुगते, साबणासारखी होते आणि सुकताना भेगाळते. पुरवठादाराचा डंपर खाली होण्याआधी मूठभर मुरूम ओला करून बोटांत चोळून बघ. खरखर लागली पाहिजे. बोटाला लोण्यासारखा चिकटला तर गाडी परत पाठव, मग कोणी काही म्हणो.

आदल्या रात्री पावसाची शक्यता असेल, तर ट्रॅक उकरून मोकळा ठेवायचा नाही. संध्याकाळीच रोलर फिरवून घट्ट बंद करायचा, म्हणजे पाणी उतारावरून आतल्या कडेला जातं आणि चरात पडतं. तो चर मात्र वाहता हवा. दर वेळी मुरूम उडून त्याची तोंडं बुजलेली असतात आणि हे पाऊस आल्यावरच लक्षात येतं. चराच्या खालच्या टोकाला खड्डा आणि त्यात मड पंप. घरच्या टाकीचा पंप आणलास तर पाच मिनिटांत गाळाने जाम होईल. ताडपत्रीचा मोह धरू नकोस, सगळा ओव्हल झाकणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. स्टार्टची जागा आणि पहिल्या वळणाचा आतला पट्टा झाक, कडांवर वाळूची पोती ठेव. काढताना चारही कोपरे धरून पाणी आतल्या बाजूला, चराकडे ओत. दोन पोरं उलट्या दिशेला ओढतात आणि साठलेलं सगळं पाणी कोरड्या राखलेल्या मातीवरच जातं, हे हमखास होतं.

पाऊस थांबला की पहिली चूक होते रोलरची. वरून चिखल आहे आणि कोणी उत्साहाने रोलर फिरवला, की पाणी आत कोंडतं. वर चकचकीत कवच, खाली शिऱ्यासारखा चिखल. तेव्हा आधी काही करू नकोस. ट्रॅकवर गाडी नाही, ट्रॅक्टर नाही, फोटोवालासुद्धा नाही. पृष्ठभागावरची ओली चकाकी गेली की ट्रॅक्टरच्या पात्याने वरचा एक-दोन सेंटिमीटर चिखल आतल्या कडेला ओढून काढ. मग हलकं उकरून वारा लागू दे. डबकं राहिलं तर त्यात कोरडा मुरूम, आणि त्याआधी लाकडाचा भुसा. टिंबर मार्केटच्या वखारींतून आठ-दहा पोती आदल्या दिवशीच आणून झाकून ठेव. भुसा टाकला की तो काढायचाही असतो, हे विसरू नकोस. तसाच मुरवून ठेवलास तर स्पंज होतो. रोलर सगळ्यात शेवटी.

किती सुकलं हे कसं कळेल? मूठभर माती दाबून लाडू वळ आणि कमरेच्या उंचीवरून सोड. फुटला तर ठीक. पचकन बसला तर नाही. लाडू वळतच नसेल तर उलट पाणी मारावं लागेल. मग बुटाची टाच जोर देऊन फिरव, दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त रुतता कामा नये. शेवटी लांब स्क्रूड्रायव्हर खुपस: वर अडला आणि खाली लोण्यात गेल्यासारखा गेला, तर ते कवच आहे. हे एका जागी नको. चारही ठिकाणी, म्हणजे दोन्ही वळणांच्या तोंडाशी आणि बाहेर पडताना, आणि प्रत्येक ठिकाणी आत, मध्ये, बाहेर. बारा जागा होतात, वीस मिनिटं लागतात. वहीत लिही.

बारा जागांचा खटाटोप का, ते सांगतो, कारण निर्णयाचं सगळं मर्म इथे आहे. सबंध ट्रॅक सारखाच ओला असेल तर रायडर जपून चालवतो, वेग कमी होतो, रेस कंटाळवाणी होते, पण माणूस घरी जातो. जीव घेतो तो अर्धवट सुकलेला ट्रॅक. वळणात मागचं चाक घसरवत गाडी तिरकी चाललेली असते. त्या चाकाला अचानक कोरडा, पकड देणारा पट्टा लागला की गाडी झटक्यात सरळ उभी राहते आणि तोंड असेल त्या दिशेला, म्हणजे बाहेरच्या कुंपणाकडे सुटते. स्पीडवेच्या ५०० सीसीच्या गाड्यांना तर ब्रेकच नसतात. आपल्या गाड्यांना असतात, पण त्या क्षणी ते दाबायला वेळ कुठे असतो? तेव्हा बारा नोंदींत जागोजागी फरक पडत असेल, तर सरासरी काढत बसू नकोस. सगळ्यात वाईट जागा दुरुस्त होते का बघ, होत नसेल तर रेस नाही. पाऊस हेच कारण लागतं असंही नाही. एप्रिल २०१५ मध्ये वॉर्सात राष्ट्रीय स्टेडियममध्ये स्पीडवे ग्रां प्री होती, आतल्या आत अंथरलेल्या तात्पुरत्या ट्रॅकवर. तो ट्रॅक उखडला, स्टार्टची यंत्रणाही बिघडली आणि १२ हीटनंतर (हीट म्हणजे चौघांची एक छोटी रेस) भरल्या स्टेडियमसमोर रेस थांबवावी लागली.

रायडरना विचारायचं का? विचारायचं, पण घोळक्यात नाही. घोळक्यात ज्याचे पॉइंट जास्त तो ‘थांबवा’ म्हणतो, ज्याचे कमी तो ‘होऊ द्या’ म्हणतो, आणि नवखा पोरगा सगळ्यांकडे बघून मान हलवतो. दोन अनुभवी रायडर निवड, वेगवेगळे बाजूला घे, आणि ‘चालेल का?’ असं विचारू नकोस. ‘दुसऱ्या वळणात कुठून जाशील? गॅस कुठे सोडशील?’ असं विचार. उत्तर देताना तो हाताने जागा दाखवतो की नुसताच ‘बघू’ म्हणतो, त्यावरून कळतं. एकट्याने दोन लॅप मारून ‘मस्त आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नकोस. त्याच्या पुढे कोणी नव्हतं. हीटमध्ये तिसऱ्या-चौथ्याच्या गॉगलवर पुढच्यांच्या चाकांचा चिखल येतो. टिअर-ऑफ, म्हणजे गॉगलवरच्या ओढून टाकायच्या पारदर्शक पट्ट्या, पहिल्याच लॅपमध्ये संपतात. चाचणी घ्यायचीच तर चौघांना एकत्र सोड.

आता घड्याळ. १६ हीट, प्रत्येकी सगळं धरून सहा मिनिटं, म्हणजे ९६. मध्ये तीनदा ट्रॅक ओढून घ्यायला बारा-बारा मिनिटं, म्हणजे ३६. एकूण १३२ मिनिटं, तीही कोणी पडलं नाही तर. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, लाइट लावलेले नसतील तर साडेचारनंतर पहिली हीट सोडण्यात अर्थ नाही. आणि वळीव नेमका चार-पाचला येतो! म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठची रेस ठेव असं मी सांगेन. प्रायोजकांना संध्याकाळची गर्दी हवी असते, त्यांच्याशी हे भांडण तारीख ठरतानाच कर, रेसच्या दिवशी नको. शेवटची वेळ कागदावर लिहून स्टुअर्डच्या (नियम पाळले जातात का बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) आणि आयोजकांच्या सह्या घे. ‘साडेचारला ट्रॅक तयार नसेल तर रद्द’, एवढंच वाक्य. नाहीतर ‘अजून अर्धा तास बघू’ हे चार वेळा ऐकशील, आणि अंधारात शेवटच्या हीट घाईने उरकल्या जातील. किती हीट झाल्या तर निकाल धरायचा, हेही रेसच्या पुरवणी नियमांत आधीच लिहिलेलं असू दे.

ट्रॅक ठीक असूनही रेस होऊ शकत नाही, अशा काही गोष्टी आहेत. ॲम्ब्युलन्स स्वतःच्या चाकांवर ट्रॅकच्या आतल्या मैदानात जाऊन परत बाहेर येते का, हे चालवून बघ. रुतली तर तिथेच विषय संपला. पार्किंग काळ्या मातीवर असेल तर दोनशे गाड्या ओढायला एक ट्रॅक्टर पुरत नाही. पेंढ्याचे गठ्ठे भिजले की दगड होतात, नुसते वजनदार नाही, आदळल्यावर दबतही नाहीत. ते बदल किंवा पुढे टायर लाव. जनरेटरपासून निघणारी प्रत्येक वायर जमिनीवरून उचललेली आणि ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावलेला हवा. वाऱ्याचा जोर दिसला की पाऊस यायच्या आधीच फ्लेक्स आणि कमान उतरव.

रद्द करायचं असेल तर माणसांचा विचार करून वेळ निवड. कोल्हापूरचा पोरगा टेम्पोत गाडी घालून पहाटे निघतो, नाशिकचाही तसाच. रात्रीच ट्रॅक गेलेला असेल तर रात्रीच कळव, खंबाटकी ओलांडून आल्यावर नको. जेवणवाल्याला आणि पोलीस चौकीला वेगळे फोन कर, ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नसतात. मेसेज असा असावा: ‘उद्याची रेस रद्द. रात्री १४ मिलिमीटर पाऊस, दुसरं वळण भरलं आहे. गाड्या आणू नयेत. एन्ट्री फीबद्दल सोमवारी कळवू.’ ‘पुढे ढकलली’ हा शब्द नवी तारीख हातात असेल तेव्हाच. परमिट आणि पोलिसांची परवानगी दोन्ही तारखेपुरती असतात, नव्याने घ्यावी लागतात. आणि ‘अपडेटची वाट पाहा’ असं तर लिहूच नकोस, अर्धे लोक निघतात आणि अर्धे थांबतात.

तुझ्यावर चिडतील. विशेषतः दुपारी ऊन पडलं तर फोन येतील, ‘बघा, झाली असती की!’ वहीतल्या बारा नोंदी आणि वेळ वाचून दाखव, वाद घालू नकोस.

ताडपत्र्या ओल्याच घडी करून गोडाउनमध्ये टाकू नकोस, आठवड्यात कुजतात. आणि पर्जन्यमापकातलं पाणी वाचून झालं की लगेच ओतून टाक, नाहीतर पुढची सर कालच्या पाण्यावर मोजली जाईल.

तुझा,
काका